मुशीत टाकलं तेवढंच

४ ऑगस्ट, सोमवार. कराड

भट्टी पेटवली नाही. दोन सराफांची माणसं येऊन गेली, त्यांना सांगितलं गॅस संपलाय. खोटं.

सकाळी मेल आला. इंग्रजीत. मोबाईलला मराठी करायला सांगितलं, त्याला जमलं तसं त्यानं केलं. लिहिणारा बॅरिस्टर आहे, आफ्रिकेतल्या अक्रा शहराचा. म्हणतो, त्याचा अशील, आणि पुढं आमच्या आण्णाचं नाव, आडनावासकट, नऊ वर्षांपूर्वी मोटार अपघातात वारला. त्याची एक पेटी तिथल्या कंपनीच्या तिजोरीत पडून आहे. पेटीत सोनं. वारस म्हणून त्यानं मला शोधून काढलंय. वारस पुढं आला नाही तर पेटी सरकारजमा.

अक्रा. बारा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ तिथंच गेला, सोनं गाळायच्या कामाला. पाच महिने फोन आले, मग बंद. नेणाऱ्या एजंटाचं ऑफिसही बंद. पोलीस, दूतावास, अर्ज, सगळं झालं.

मेल चार वेळा वाचला. चौथ्यांदा लक्षात आलं, "वारला" या शब्दावर नजर थांबतच नाही. थेट पेटीवर जाते. स्वतःची लाज वाटली. पाचव्यांदाही तेच झालं.

५ ऑगस्ट

गावाकडनं चुलत्यांचा, नानांचा फोन. "बापू, भादव्यात बारा वर्सं भरत्यात. आता किती वाट बघायची? दर्भाचा पुतळा करू, अग्नी दिऊ, मोकळं हू. तुज्या वहिनीला तूच समजव. आमचं ऐकत न्हाई ती."

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग त्याला मेला धरायचं, ही रीत. वहिनी म्हणतात रीत तुमची, नवरा माझा. विट्याजवळच्या गावातल्या घरात एकट्या राहतात. दर वटपौर्णिमेला उपास, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी त्यांना काय समजावणार.

नानांना मेलचं बोललो नाही.

७ ऑगस्ट

बॅ.ला उत्तर टाकलं. सोनं नको, तो माझाच भाऊ होता का तेवढं सांगा.

पण मी दूधखुळा नाही. तीस वर्षं भट्टीवर बसून सोन्याचा टंच काढतोय, खऱ्याखोट्याची पारख हेच माझं पोट. म्हणून परीक्षा घेतली. लिहिलं, "त्याच्या डाव्या हाताची करंगळी तेजाबानं जळून आखडली होती. तशी होती का? असेल तरच पुढं बोलू."

आता बघू काय म्हणतो ते.

८ ऑगस्ट

"होय. शवागाराच्या वहीत नोंद आहे. डाव्या हाताची करंगळी वाकडी, जुनी जळाल्याची खूण."

मुशीत गाळायला घातलेली चांदी होती, ती तशीच ठेवून भट्टीसमोर बसून रडलो. मोठ्यानं रडलो. शेजारचा पॉलिशवाला शटर वाजवून विचारून गेला. धूर गेला डोळ्यात, म्हणालो.

ती करंगळी माझ्यामुळं भाजली होती. तेजाबाची बाटली माझ्या हातनं निसटली, आण्णानं मधे हात घातला. मी सतरा वर्षांचा होतो. वडिलांना त्यानं सांगितलं, माझ्याच हातनं सांडलं.

१२ ऑगस्ट

बॅ.चे मेल रोज येतात. कधी दोनदा. माणूस सभ्य वाटतो. "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. कोर्टाला नातं पटवायचं आहे, भावाबद्दल आणखी सांगा." मग सांगितलं. राणीचं सांगितलं, आण्णाची एकुलती लेक, तो गेला तेव्हा बारावीत होती. वहिनींचं नाव. आमची गावची भट्टी, दारातला कडुलिंब. त्याला तंबाखू लागायची. रागावला की बोलायचा नाही, नुसता फुंकणी जोरात फुंकायचा.

लिहिता लिहिता दीड तास गेला. बारा वर्षांत आण्णाबद्दल कुणाशी इतकं बोललो नव्हतो. ही गेल्यापासून तर घरात ऐकायलाही कुणी नाही.

१४ ऑगस्ट

एक गडी दुकानात आला, पाटणकडचा म्हणाला. रुमालात जुनं नाणं. शेत नांगरताना हंडा सापडलाय, बोभाटा नको, आधी थोडे पैसे द्या, बाकीचा माल आणून देतो. नाणं दगडावर घासलं. अस्सल. पण अस्सल नमुना दाखवून मागनं पितळ गळ्यात मारायची ही जुनीच विद्या. म्हणालो, "हंडाच घिऊन ये की रं गड्या, दोघं मिळून फोडू." गेला चडफडत.

चहाच्या टपरीवर सराफांना सांगितलं, सगळे हसले. "बापूला कोण फसवणार!"

दुपारी बॅ.चा मेल. मृत्यूचा दाखला आणि पेटी सोडवायची फाइल उघडायला फी आधी भरावी लागेल. कुणाला सांगू नका, नाहीतर खोटे दावेदार उभे राहतील. चार दिवसांची मुदत.

१६ ऑगस्ट

हिच्या पाटल्या माझ्याच भट्टीत घातल्या. दुसरं काय होतं घरात. सोनं वितळायला लागलं की कडेनं आधी पाणी होतं आणि मधला तुकडा क्षणभर तसाच तरंगतो. बघत बसलो.

फी अक्र्याला नाही, इथल्याच एका खात्यावर भरायला सांगितली. त्यांचा प्रतिनिधी म्हणे. भरली.

खरं लिहायचं तर, दाखल्यासाठी भरली असं मनाशी म्हणतोय, पण पेटीतल्या सोन्याचं वजनही पाठ झालंय. वहिनींना म्हातारपणाला होईल, राणीला होईल. आणि मला?

२५ ऑगस्ट

दुसरी फी. दाखल्यावर शिक्का मारायची. आतल्या आत कुरकुरलो, भरली. एवढं केलंय तर.

२८ ऑगस्ट

दाखला आला. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतला. सोनेरी शिक्का, तांबडी फीत, दोन सह्या. आण्णाला जन्मात इतका देखणा कागद मिळाला नव्हता.

काल घरोघर गणपती बसलेत. गावच्या घरातही. आत्ता बोललो तर सुतक येईल, गणपती-गौरी सगळं अडेल. गौरी जाईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं.

१ सप्टेंबर. गावी

गौरीला आलो. दरवर्षी येतो.

वहिनींनी गौरी सजवली, हातात काचेचा चुडा. गल्लीतल्या सवाष्णींना हळदीकुंकू लावत होत्या. एकेकीच्या कपाळाला बोट टेकवताना हसत होत्या. माझ्या पिशवीत दाखला. पुरणाची पोळी वाढताना म्हणाल्या, "भावजी, आज जेवत न्हाई नीट. आजारी हाय का काय?"

म्हणालो, पित्त झालंय.

गौरीपुढं त्यांनी पदर पसरून काय मागितलं ते मला ऐकू आलं. इथं लिहीत नाही.

३ सप्टेंबर

गणपती-गौरी काल गेले. आज सांगितलं.

वहिनी धान्य निवडत होत्या. त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. सुपातला खडा बाजूला टाकला, विचारलं, "कुणी बगितलं त्यास्नी?"

"कोर्टाचा वकील आहे वहिनी."

"वकिलाला काय म्हाईत आमचं मानूस कोन?"

तेव्हा मी ते बोललो. म्हणालो, "त्यानं करंगळी सांगितली. डावी. आखडलेली."

सूप खाली ठेवलं. मग न्हाणीत गेल्या, पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा कपाळ कोरं होतं. मंगळसूत्र हातात. ते आणि कुंकवाचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर साखरेच्या डब्याशेजारी ठेवला.

"बायकांना बोलवू नगा. मी माज्या मनानं पुसलंय," म्हणाल्या.

त्यानंतर त्या रडल्या. मी ओसरीवर बसून ऐकलं.

४ सप्टेंबर

दर्भाचा पुतळा हातभर होता. मी अग्नी दिला. पेंढी पेटते तसा भुर्रकन जळाला. माणूस इतका लवकर जळत नाही, एवढंच मनात येत राहिलं.

राणी माधवनगरहून आली होती, तिच्या सासरहून. माझ्याशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "काका, मला ते सगळे मेल बघायचेत." म्हणालो, नंतर.

१३ सप्टेंबर. संगमावर

दहावा. कराडलाच केला, संगमाच्या घाटावर. पितृपक्ष चालू, घाटावर गर्दी. इथले कावळे पोट भरलेले, पिंडाकडं ढुंकून बघत नाहीत. तासतास लोक हात जोडून उभे असतात. मीही तयारीनं उभा राहिलो. मनात म्हणून ठेवलं होतं, आण्णा, वहिनींना सांभाळीन, राणीचं माहेर तुटू देणार नाही.

काही म्हणायच्या आधीच कावळा आला. पिंड ठेवून मी दोन पावलंही मागं सरलो नव्हतो.

नाना म्हणाले, "बग, कायबी इच्छा ऱ्हायली नव्हती बाबाची."

सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही. आण्णाची इच्छा राहिली नाही असं कसं होईल? तिकडं जायचं पहिलं बोलावणं माझ्या नावाचं होतं. दुकान नवं होतं, मी का-कू करत होतो. "तू ऱ्हा, मी जातो," म्हणाला. एवढ्यावर सगळं झालं.

२४ सप्टेंबर

बॅ.ची तिसरी फी. पेटी विमानात चढवायची. ही सगळ्यात मोठी. घाई फार, रोज चार मेल. मधे एक दमात घेणारा, "तुम्हाला भावाबद्दल आदर दिसत नाही."

राणीला फोन केला. तिच्याकडं काही जमेल का विचारायला. ती म्हणाली, "उद्या येते. तोवर एक पैसाही पाठवू नका."

२५ सप्टेंबर

राणी आली. दुकानातच बसली, भट्टीशेजारच्या स्टुलावर. माझा मोबाईल घेतला आणि पहिल्यापासून वाचत गेली. पाऊण तास.

"काका, करंगळीचं आधी कुणी लिहिलं?"

"त्यानं. शवागाराच्या वहीत..."

"त्याच्या आधी."

तिनं माझा सात ऑगस्टचा मेल माझ्यापुढं धरला.

माझेच शब्द. "डाव्या हाताची करंगळी तेजाबानं जळून आखडली होती." मी प्रश्न विचारला होता आणि उत्तर त्यातच घालून पाठवलं होतं. त्यानं नुसतं होय म्हणून परत दिलं.

म्हणालो, पण नाव? अक्रा? तिनं तेही काढलं. हरवलेल्या माणसांचं एक पान आहे इंटरनेटवर, त्यावर तीन वर्षांपूर्वी मीच आण्णाचा फोटो टाकला होता. नाव, अक्रा, आणि खाली माझा मेलचा पत्ता. मग तिनं बॅ.च्या पहिल्या पत्रातल्या दोन ओळी जशाच्या तशा शोधायला टाकल्या. तेच पत्र, तोच मोटार अपघात, तीच पेटी, आडनाव तेवढं वेगळं. पानं संपेनात. त्या एका अपघातात किती माणसं मेलीत.

"कोर्टाचा वकील असल्या फुकटच्या मेलच्या पत्त्यावरनं लिहील का काका? वारसाकडं आधी पैसे मागेल? कुणाला सांगू नका म्हणेल?"

मग ती रडायला लागली. "आईचं कुंकू गेलं हो याच्यात."

२६ सप्टेंबर

सगळे मेल परत वाचले. एकेक गोष्ट धरून मागं गेलो. राणीचं नाव, मी. कडुलिंब, मी. तंबाखू, मी. बॅ.नं एकदा लिहिलं होतं, "तुमचा भाऊ शांत स्वभावाचा होता, राग आला तरी बोलत नसे." ते वाचून मी दिवसभर हरखलो होतो. तेही मीच.

मुशीत टाकलं तेवढंच बाहेर आलं. एक गुंजही वरची नाही. हे मला, माझ्या धंद्यात, माहीत नसावं? पाटणच्या गड्याला हसलो तो दिवस आठवतोय.

३० सप्टेंबर. सातारा

सायबर पोलिसात तक्रार दिली. हवालदार वयानं लहान, पण नीट बोलला. "काका, माणूस कुटला का सांगंना, अक्रा का फिक्रा, पैसं इथल्या खात्यावर गेल्यात. ह्यो शेजारच्या गल्लीतबी आसंल. मिळायचं आसंल तर आधी भरा, असं कुणी म्हनलं की तितंच थांबायचं. न्हाई मिळत काय. कवाच न्हाई मिळत."

खातं गोठवायला कळवतो म्हणाला. पैसे बहुतेक निघून गेले असतील.

उठताना विचारलं, "साहेब, म्हणजे माझा भाऊ जिवंत आहे?"

त्यानं पेन खाली ठेवलं. "ते आमाला कसं कळंल काका."

८ ऑक्टोबर

वहिनींना अजून सांगितलं नाही. राणी रोज फोन करते, "तुम्ही सांगणार की मी?" सुतकाच्या भीतीनं पहिल्यांदा गप्प बसलो, आता कशाच्या?

बॅ.ला पुढं उत्तर दिलं नाही. त्याचे मेल कमी झाले. चार दिवसांत एकही नाही. आणि हे लिहायला लाज वाटते, पण सकाळी उठलो की पहिल्यांदा मेलच उघडतो. चोर असेना, आण्णाबद्दल रोज विचारणारा तेवढाच होता.

१२ ऑक्टोबर. गावी

सांगितलं.

वहिनी चुलीपुढं होत्या. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"मंजी हायत?"

"माहीत नाही, वहिनी."

"मंजी न्हाईत?"

"तेही माहीत नाही."

"मग बारा वर्सं मला जे म्हाईत हुतं, तेवडं तरी परत द्या की भावजी."

भाकरी करपली, तशीच उलटली त्यांनी.

निघताना धीर करून म्हणालो, कुंकू लावा परत. त्या म्हणाल्या, "लावलं तर मी येडी. न लावलं तर मी रांड. कपाळ माजं हाय, पन कशापायी लावू ते कुनी सांगा." मग एकदम विचारलं, "त्यो कावळा मंग कुनासाठी आला हुता?"

"कावळ्याला काय वहिनी. भूक लागली असेल."

"तितं भुकेला कावळा आसतो व्हय?"

१५ ऑक्टोबर

दुकानासमोरच्या तारेवर कावळा बसतो. पूर्वीही बसत असणार. मी बघत नव्हतो.

२१ ऑक्टोबर. दिवाळी

राणीनं आईला माधवनगरला नेलंय. तिथून फोन. आई जेवते, नातवाला खेळवते, पण हळदीकुंकवाला कुणी बोलावलं की आतल्या खोलीत जाते. तिथल्या शेजारणीनं विचारलं, यांचे मिस्टर? आई म्हणाली, "इचारलंय. सांगत्यात."

३१ ऑक्टोबर

नवाच मेल. "तुमची ऑनलाइन फसवणूक झाली आहे का? आम्ही पैसे परत मिळवून देतो. नोंदणी फी आधी भरा." दुधानं तोंड पोळलेला माणूस कुठं बसलाय हेही यांना कळतं, तो ताकही फुंकून पितो हे मात्र नाही. पुसून टाकला.

पुसायच्या आधी दुसऱ्यांदा वाचला नाही. तेवढं बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

आण्णाचा मेल.

असं लिहू नये. आण्णाच्या नावानं आलेला मेल. मराठीत, मोबाईलनं केलेल्या मराठीत. "प्रिय भाऊ, मी जिवंत आहे. बॅरिस्टर चोर आहे, त्याने खोटा दाखला बनवला. मी रुग्णालयात आहे. माझा पासपोर्ट गेला. नवीन पासपोर्ट व तिकीट यासाठी फी भरावी लागेल. माझी करंगळी पाहून इथले लोक मला ओळखतात. घरासमोरचे झाड कसे आहे?"

आण्णानं मला जन्मात भाऊ म्हटलं नाही. बापू म्हणायचा. करंगळी मी दिलेली, झाड मी दिलेलं. परत मुशीत माझंच.

सगळं कळतं. तरी दुसऱ्या मिनिटाला मन म्हणतं, मोबाईलच्या मराठीत बापू कसा येणार?

११ नोव्हेंबर

राणीला सांगितलं. ओरडली. "आईला दाखवू नका. पुन्हा नको. उत्तर देऊ नका, सरळ हवालदाराला पाठवा." तिचं बरोबर आहे. हवालदाराला पाठवला.

पण दोनदा लपवून दोनदा काय झालं ते मी बघितलंय.

१३ नोव्हेंबर. गावी

वहिनी परत गावी आल्यात. त्यांना वाचून दाखवला. आधीच सांगितलं, हा त्याच चोराचा, नव्वद टक्के.

"आनि धा टक्के?"

मोबाईल पालथा ठेवला.

त्या उठल्या, हात पुसून समोर बसल्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर अशा सरळ बसल्याचं आठवत नाही. म्हणाल्या, "पैसं दमडी न्हाई द्यायचं. पन इचारा. मी सांगती तसंच लिवा, तुमचं काय घालू नगा." आणि सांगितलं. मी टाइप केलं. "जाताना गाडीपाशी मला काय म्हनाला हुता, तेवडंच लिवा."

"वहिनी, काय म्हणाला होता?"

"तुमाला न्हाई सांगायची. भोळं तुमी. उत्तर पन लिवून बसाल."

तीस वर्षं टंच काढतोय मी. परीक्षा कशी घ्यायची ते या बाईनं चुलीपुढं बसून दाखवलं.

मेल पाठवला. माझी एक ओळ वर नाही, खाली नाही.

१५ नोव्हेंबर

काही नाही.

१८ नोव्हेंबर

काही नाही. हवालदाराचा फोन आला होता, तो पत्ता बंद करायला कळवलंय, वेळ लागतो. मनात आलं, अजून दोन दिवस लागू देत.

२० नोव्हेंबर. गावी, दुपार

सकाळी उत्तर आलं. उघडलं नाही, दुकान बंद केलं, विट्याची एस.टी. धरली. गाडीत तीनदा मोबाईल खिशातून काढला, तीनदा ठेवला.

ओसरीवर बसून उघडला. वहिनी जोत्यावर. बराचसा मजकूर पासपोर्ट, फी, घाई, खातं नवीन. मधे एक ओळ. "मी तुला म्हणालो होतो, राणीला सांभाळ."

वाचलं. म्हणाल्या, परत वाचा. परत वाचलं.

मी आपलं सांगायचं ते सांगितलं. राणीचं नाव मीच दिलंय वहिनी, ऑगस्टात. लेक असलेला कुठलाही बाप जाताना हेच म्हणेल. आणि हे कुठल्याही चोराला सुचेल.

"व्हय. कळतंय मला."

"मग... बरोबर आहे का?"

माझ्याकडं बघितलं नाही. कडुलिंबाकडं बघत होत्या. खाली पिवळी पानं पडली होती, ती काल झाडली नव्हती बहुतेक.

"लांबनं आलाय, च्या टाकती," म्हणाल्या आणि आत गेल्या.

वही पिशवीत होती म्हणून इथंच लिहीत बसलोय. पावणेपाचची परतीची गाडी आहे. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. आत्ता फळीवरचा डबा काढला त्यांनी, झाकण उघडलं. साखर आणि कुंकू एकाच फळीवर आहे, दोन्ही डबे पत्र्याचे, आवाज एकच.

चहा घेऊन येतायत. मान वर करायला धीर होत नाही.